राठोड सर आणि दुकानासमोरचं बॅनर

आमच्या राठोड सरांनी एकही इंटरनॅशनल खेळाडू घडवला नाही.

शाळेच्या जुन्या ग्रुपवर सकाळपासून उलटंच फिरतंय, म्हणून आधी हे सांगते.

सर काल गेले. हार्टचा त्रास होता, नांदेडला ॲडमिट होते. आज डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर अंत्यविधी झाला. मी जाऊन आले.

आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत ते पीटीला होते. हॉकी शिकवायचे. मुरमाचं मैदान. आधी खडे वेचायचे, मग खेळायचं.

मी राइट विंगला. सगळे म्हणायचे, सविता काय पळते!

सर म्हणायचे, "पळती चांगली. आता बॉल घेऊन पळ."

नववीत माझं हॉकी ॲकॅडमीत सिलेक्शन झालं.

पप्पांचं हायवेला पंक्चरचं दुकान. दुकानासमोर बॅनर लागलं. हातात स्टिक घेतलेला माझा फोटो, त्यावर 'भारतीय हॉकीची उद्याची स्टार'. खाली शुभेच्छुकांचे फोटो, माझ्यापेक्षा मोठे.

दुसऱ्या दिवशी सर आले. काही न बोलता स्टूल ओढलं, वर चढले आणि बॅनरची दोरी सोडायला लागले.

पप्पा हातातला पाना घेऊनच बाहेर आले.

"सर, काहून काढून राहिले? पोरीचं नाव झालेलं बघवत न्हाई का तुमाला?"

"नाव होऊ द्या की. पण यावर लिहिलंय ते तिनं अजून केलेलं न्हाई. ॲकॅडमीत चालली, तेवढंच लिहा."

"म्हंजे तुमाला पोरीवर भरवसा न्हाई."

"पोरीवर हाय. या बॅनरवर न्हाई."

मी आत टायरांच्या मागे उभी होते. सरांचा इतका राग आला होता की रडू येत होतं.

मग सर स्टुलावरून उतरले आणि पप्पांना कैलासबद्दल सांगितलं.

कैलास डोंगरकड्याचा. माझ्या बऱ्याच आधीचा त्यांचा विद्यार्थी. शाळेच्या गॅदरिंगला सरांनी स्टेजवर त्याचा हात वर धरून माईकवर सांगितलं होतं, हे पोरगं इंडिया खेळणार.

"ट्रायल झाल्या, न्हाई झालं सिलेक्शन," सर म्हणाले. "खेळत चांगलंच होता हो. त्याच्याहून चांगले बी होते. तवापासून गावात येतच न्हाई. पुण्याकडं कंपनीत हाय. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आला न्हाई. लोकं विचारतील ना, इंडियाचं काय झालं म्हणून. मी जातो दरसाल त्याच्या खोलीवर. आत असून दार उघडत न्हाई. त्याची काय चूक? बोललो तर मी होतो."

सर गेल्यावर पप्पांनी सुटलेली दोरी परत बांधली.

ॲकॅडमीला निघताना मी सरांना भेटले नाही.

तिथे टर्फ होतं, प्लास्टिकच्या गवताचं. पाणी मारलेलं. आमच्या मैदानावर बॉल उड्या मारत यायचा, अंदाज घ्यायला वेळ मिळायचा. इथे सरळ यायचा आणि मी स्टिक लावेपर्यंत निघून जायचा.

शिकले. दोन वर्षांत पुष्कळ शिकले. बाकीच्या मुली त्याच दोन वर्षांत माझ्याहून जास्त शिकल्या.

मला काढलं. पॉलिटिक्स नव्हतं. गुडघा गेला नव्हता. कुणी अन्याय केला नव्हता. लोकांना सांगता येईल असं एकही कारण नव्हतं.

बॅनर तोवर उन्हानं फाटून गेलं होतं, पण लोकांच्या लक्षात होतं. मी घराबाहेर पडत नव्हते. आई शेजारी सांगायची, "सुट्टी हाय तिला."

सर घरी आले. चहा नको म्हणाले. दारातूनच,

"सविता, उद्या सकाळी मॅच हाय. राइट विंग कमी पडून राहिली."

"सर, मला काढलंय."

"व्हय, कळलं मला. मॅच उद्याच हाय पण."

"लोक बघतील."

"मॅच असली की लोकं येतेतच बघायला."

मी गेले. समोर नरसीच्या मुलींची टीम होती. मी एक गोल मारला, एक अगदी सोपा घालवला. सर लाइनवरून नेहमीसारखे ओरडत होते, "मान वर कर, मान वर!"

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी मोठ्यानं विचारलं, "सर, ही ती इंडियावालीच ना?"

मी जवळच होते. ऐकू आलं. पाय थांबले.

"ही बाळापूरची हाय," सर म्हणाले. "बघा, आता तिकडून पळंल."

मी पळाले.

त्यानंतर घरात बसले नाही. बारावी केली, डीएमएलटी केलं. आता हिंगोलीत लॅबमध्ये आहे. रविवारी अजून खेळते. बऱ्यापैकी खेळते.

गेल्या महिन्यात सरांना भेटायला तांड्यावर गेले होते. धाप लागत होती त्यांना, पण बोलत होते. इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सर, खरं सांगा. माझ्याबद्दल काय वाटायचं तुम्हाला?"

सर म्हणाले, "वाटायचं, खेळशील."

"इंडियाकडून?"

"व्हय."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

सर उशीला टेकून बसले.

"बोललो असतो, तर परत आली असतीस का घरी?"

मग सूनबाईंना हाक मारून म्हणाले, "लेकराला चहा दे."

सर, अखेरचा नमस्कार.

सविता, राइट विंग, आखाडा बाळापूर