खंडेनवमी आणि मेमरीतला तक्ता

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मानपाड्याच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होतो. अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटर एक आणि तो कळणारा माणूस एक, त्यामुळे मला कुणी उलटून काही विचारत नसे. ही माझी हुशारी आहे, असं मी धरून चाललो होतो.

कामगारांच्या कार्डांवरची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायला एक मुलगी ठेवली होती. खडवलीहून यायची. दसऱ्यापर्यंत सगळी कार्डं भरली तर कायम, नाहीतर रामराम, असं साहेबांनी तिला माझ्यासमोरच बजावलं होतं.

अडचण अशी, की दर कार्डानंतर डिस्क बराच वेळ कुरकुरायची आणि ती बिचारी हातावर हात ठेवून बसायची. म्हणून मी अक्कल लढवली. सगळा तक्ता, ओळी-रकान्यांसकट, मेमरीतच उभा केला. ती दिवसभर भराभर टाइप करायची आणि संध्याकाळी मी एक बटण दाबून सगळं डिस्कवर उतरवायचो. साहेबांनी पाठ थोपटली. वीज गेली की मेमरीतला तक्ता जातो, हे मी कुणाला सांगितलं नाही. वीज शुक्रवारी जायची आणि शुक्रवारी आम्हाला सुट्टी असायची.

खंडेनवमीला दुपारपर्यंत तिने शेवटचा गठ्ठा संपवला. मग मशीनची पूजा सुरू झाली. शेजारच्या गावातले सुपरवायझरकाका झेंडूचा हार घेऊन आले. "कंप्युटर पन मशीनच हाय. आज त्याला पन इसावा," म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. मी फुगलो. मी नारळ फोडला आणि त्यांनी दरवर्षीप्रमाणे मेन स्विच खाली ओढला.

दसऱ्यानंतर साहेबांनी यादी मागितली. शेवटच्या गठ्ठ्याची एकही ओळ नव्हती.

"ही दिवसभर करत काय होती?" त्यांनी मला विचारलं.

"सर, मी भरलेली सगळी. तुम्ही होतात ना तिथे?" तीही माझ्याकडेच बघत होती.

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बघावं लागेल." बघण्यासारखं काहीच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी तिचा शेवटचा दिवस होता. डबा पिशवीत घालून ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, तुमच्यामुळे कॉम्प्युटर शिकले," म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली.