किल्ली सापडली का?

पाण्याची टाकी कितीही गाळून भरा, वर्षाकाठी धुवायला काढली की तळाशी बोटभर गाळ निघतोच. किश्शांचंही तसंच. मी एकही मुद्दाम जपून ठेवला नाही, आपोआप साचले. त्यात माझ्याकडे ते साचायची ठिकाणं दोन. सोमवार ते शनिवार मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, आणि रविवारी छावणीकडच्या आमच्या लहानशा चर्चच्या कमिटीचा चिटणीस. दोन्हीकडे लोक हात जोडून यायचे, आणि दोन्हीकडे त्यांना एकच उत्तर मिळायचं : "धीर धरा, येईल."

चर्चच्या आवारात एक जुनी विहीर आहे. एका मोठ्या दुष्काळात मंडळीतल्याच माणसांनी खणलेली. खणणाऱ्यांत गायकवाड मास्तरांचे वडील होते. त्यामुळे हे निवृत्त हेडमास्तर त्या विहिरीकडे वडिलोपार्जित शेताकडे पाहावं तसे पाहायचे. विहिरीलगतच्या खोलीत मार्थाबाई राहायची. चर्चची झाडलोट तिची. शिवाय नळाला पाणी नसलं की गल्लीतल्या बायांना, मग त्या कुठल्या का धर्माच्या असेनात, विहिरीवर बोलावून घेण्याचं खातंही तिनं स्वतःकडे घेतलं होतं.

मास्तर म्हणायचे, "विहिरीला कुलूप पाहिजे."

मार्थाबाई म्हणायची, "विहिरीला नवा दोर पाहिजे."

मी वीस वर्षं हा झगडा इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढ्या दोन शब्दांत बसवत आलो. कारकुनी म्हणजे दुसरं काय असतं!

*

आमच्या भागात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी. त्यामुळे वार सरकत सरकत कधीतरी रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळेवर यायचाच.

आवारातल्या नळाची तोटी कायम उघडी ठेवायची आणि खाली पत्र्याचा डबा उपडा घालायचा, अशी आमच्याकडची पद्धत. पहिली धार डब्यावर पडली की ताशा वाजल्यासारखा आवाज. साऱ्या गल्लीला वर्दी!

नगरकडून नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, बदलून आले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी ते डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करत होते, आणि डबा वाजला. चपला सरकल्याचा आवाज झाला, तोही भक्तिभावानं, अगदी हळू. पाळकसाहेबांनी "आमेन" म्हणून डोळे उघडले, तर समोर आम्ही तिघं. मी, मास्तर आणि पेटीवाला.

पाळकसाहेबांनी आमच्याकडे दोन्ही हात पसरले. "तुम्ही तिघं तरी खरे भाविक!"

"तसं काही नाही," मास्तर म्हणाले, "सून गेलीय भरायला."

"माझी बायको," पेटीवाला म्हणाला.

मला घाईच नव्हती. माझं घर लाइनीच्या अगदी टोकाला. माझ्याकडे पाणी पोचेपर्यंत उपासना संपून दोन गाणी जास्तीची होतात. पाणी खात्यात नोकरी असण्याचे फायदे!

*

मग पाळकसाहेबांनी मला बरोबर घेऊन व्हॉल्व्ह सोडणाऱ्या करीमभाईला गाठलं. करीमभाई रस्त्यातल्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून चक्र फिरवत होता.

"करीमभाई, रविवारी तेवढं अकरानंतर सोडा की पाणी."

"फादरसाब," करीमभाई खड्ड्यातूनच म्हणाला, "जुम्मे को मस्जिदवाले बोलतैं, नमाज के बाद छोड़ो. मंगल को मंदिरवाले बोलतैं, आरती के बाद छोड़ो. आज आप आए. सब की सुना तो पानी किसी को नै मिलता!"

"मग वेळ ठरवतं कोण?"

करीमभाईनं टेकडीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं. "वो भरी तो छोड़तौं. उस का कोई मजहब नै."

पुढच्या रविवारपासून पाळकसाहेब लग्नाच्या सूचना वाचून झाल्या की पाण्याचा वारही वाचू लागले, आणि उपासना त्या मानानं पुढंमागं होऊ लागली. वार मी कचेरीतून विचारून आणायचो. आमची मंडळी चर्चमधली सूचना कागदावर उतरवून घेताना मी पहिल्यांदाच पाहिली.

*

उत्तम शुक्रवारच्या म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाळकांनी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे, अशी रीत. पाळकसाहेबांना सृष्टीच्या काळजीची मनापासून तळमळ. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की बारा जणांचे पाय एका तांब्याच्या पाण्यात धुवायचे. प्रत्येकाच्या वाट्याला चूळभर पाणी.

आणि खरंच, तांब्या पुरला! तळाशी थोडं उरलंसुद्धा. ते त्यांनी बाहेर येऊन जास्वंदीला घातलं आणि मार्थाबाईला म्हणाले, "बघा बाई, मनावर घेतलं तर किती कमी पाण्यात भागतं!"

मार्थाबाई झाडू टेकवून उभी राहिली. "भागायचंच की, साहेब. चारचौघांत मळके पाय कोण पुढं करंल? समदे घरून घासून आलेत. ह्या मास्तरांनी तर सकाळी माझ्याकडून दोन बादल्या नेल्या!"

"कुठल्या पाण्याच्या?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"विहिरीच्या. आन कुठल्या!"

मास्तरांनी त्या दिवशी कुलपाचा विषय काढला नाही.

*

त्याच तळमळीत पाळकसाहेबांनी मंडळीची सहल पैठणला नेली. धरण तुडुंब होतं. नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. काठावर उभं राहून आम्ही उपकारस्तुती केली. माझ्या बाजूच्या बाई प्रार्थनेत रडत होत्या. मला वाटलं, सृष्टीचं सौंदर्य पाहून. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं नळ कोरडा, आज सहावा दिवस हाय हो!"

परतीच्या वेळी एसटीत पाहतो तो प्रत्येकाच्या पायाशी कॅन. जेवणाचे रिकामे डबे, थर्मास, एकाची तर बारशाच्या आहेरासाठी वाटेत घेतलेली नवी बादली, सगळं धरणाच्या पाण्यानं भरलेलं. कंडक्टर चिडला. "धरणाचं पाणी एसटीनं न्यायलेत? पाइपलाइन हाय ना तुमच्या शहराला? त्या खात्यात कुणी माणसं हायत का मेली?"

अख्खी गाडी वळून माझ्याकडे बघू लागली.

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेरही पाणीच होतं.

*

एकदा उपदेशाला विषय होता काना गावचं लग्न. येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, ते. पाळकसाहेब फार सुंदर बोलले. उपासनेनंतर दाराशी हात मिळवत होते. मार्थाबाई सगळ्यांत शेवटी आली.

"सलाम, साहेब. एक इचारू? त्या लग्नात सहा रांजण होते म्हणता. दगडी. लई मोठे."

"हो."

"काठोकाठ भरलेले."

"हो, काठोकाठ."

"द्राक्षारस केला त्याचं नाव झालं, बरं झालं. पर सहा रांजण पाणी वाहून कुणी आणलं? त्यांची नावं कुठं लिवलीत?"

पाळकसाहेबांनी बायबल उघडून तो अध्याय शोधायला घेतला. मागं मास्तर उभे होते, तेही वाकून पानात बघू लागले. मीच आपला कारकुनी स्वभावाप्रमाणे म्हणालो, "चाकर होते, एवढीच नोंद आहे."

"व्हय," मार्थाबाई म्हणाली, "नोंदी तुमच्यासारख्यांनीच ठेवल्या असतील!"

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून थोडं अडखळायला होतं.

एका उन्हाळ्यात वार लांबत लांबत दहाव्या दिवसावर गेला. कचेरीत मी दिवसभर शिव्या खायचो आणि संध्याकाळी चर्चमध्ये पावसासाठीच्या प्रार्थनासभेची नोटीस लिहायचो. विहिरीवर पहाटेपासून बायांची रांग. पाणी खाली खाली गेलं, आणि एके दिवशी आतली एक पायरी उघडी पडली. ती आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती.

मास्तरांनी तातडीनं कमिटी बोलावली. मार्थाबाईलाही बोलावलं. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "तळ दिसला तर पुढं काय? माझ्या बापानं उपाशीपोटी खणलीय ती. देवानं आपल्याला सांभाळायला दिलीय. उधळायला नाही."

"सांभाळायलाच दिली," मार्थाबाई म्हणाली. "पर उपसा थांबला की झरे बुजतात, मास्तर. तुमच्या वडलांनी पाणी काढायला खणली. बघायला नाय."

"बाई, पाऊस पडेपर्यंत पुरलं पाहिजे ना?"

"आन त्या बायांनी? पाऊस पडंपर्यंत त्यांनी काय प्यावं?"

दोघांचंही खरं होतं. अशा वेळी कमिटी मत घेते. बहुमत कुलपाच्या बाजूनं पडलं. पाणी फक्त चर्चपुरतं काढायचं. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, गुलमंडीच्या बाजारातून कुलूप आलं. त्याच्या किल्ल्या दोन. एक मार्थाबाईकडे, एक मास्तरांकडे. मी तसं इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं. मास्तरांनी शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. मार्थाबाईनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो, तर विहिरीभोवती नेहमीपेक्षा दुप्पट बाया. हंडे, कळशा, दोर. कुलूप जागच्या जागी.

"मार्थाबाई," मास्तर ओरडले, "या सगळ्या कशाला जमल्यात?"

"किल्ली शोधायला."

"कसली किल्ली?"

"विहिरीची. काल जाळीवरून वाकून बघाया गेले, पदराची गाठ सुटली. गेली खाली."

"मग?"

"मग काय! पाणी उपसल्याबिगर तळ दिसायचा नाय, आन तळ दिसल्याबिगर किल्ली सापडायची नाय. एवढं पाणी म्या एकटीनं उपसावं व्हय? म्हणून बोलावलं ह्यांना. आता तेवढं कुलूप काढायचं बघा."

मास्तरांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. दुसरी किल्ली तिथंच होती. तिच्या वजनानं खिशाचं झिजलेलं कापड ओघळलेलं मला दिसत होतं. मार्थाबाईलाही दिसत असणार, ती तर समोरच उभी होती. रांगेच्या शेवटी एक म्हातारी रिकाम्या कळशीवर हात टेकून बसली होती. मास्तर एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा त्या उघड्या पायरीकडे.

मी हळूच विचारलं, "मास्तर, इतिवृत्त आणू का? किल्ल्यांची नोंद त्यात..."

"नको," मास्तर म्हणाले. खिशावरचा हात त्यांनी खाली घेतला. "हातोडा आणा."

कुलूप मास्तरांनीच फोडलं. चौथ्या घावाला तुटलं. मग शोध सुरू झाला तो सगळा उन्हाळाभर. माणशी दोन हंडे शोध. त्याहून जास्त शोध मार्थाबाई कुणालाच घेऊ द्यायची नाही. आणखी एक पायरी उघडी पडली. मग आणखी एक. तिथं पाणी थबकलं. पहाटे जेवढं काढावं, तेवढं दुसऱ्या पहाटेपर्यंत पुन्हा चढायचं.

मास्तर रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे, काठावर वाकून आत बघायचे आणि विचारायचे, "सापडली का किल्ली?"

"नाय सापडली, मास्तर."

"प्रभूची स्तुती असो!" मास्तर म्हणायचे, आणि खिसा सावरत घरी जायचे.