गाडीखालची रांगोळी

माझं पहिलं बाळंतपण आणि आमच्या मोटारीचं ऑईल चेंबर... सासरी, मुळशीत, या दोन गोष्टींनी एकाच आठवड्यात माझा जीव टांगणीला लावला होता. साठच्या दशकातली गोष्ट.

माझं माहेर नेऱ्याचं. खरं तर सातव्या महिन्यातच जायचं, पण भाताची झोडणी निघाली आणि जाणं लांबलं. आता नववा लागला होता. एसटीतली रेटारेटी नको, बैलगाडीचे गचके नकोत... उरली आमच्या यांनी पुण्याहून आणलेली जुनी मोटार. आणि ती गळत होती!

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते इंजिनाला जिथे जोडलेलं असतं तिथली फट बुजवणारं पॅकिंग पार कुजलं होतं. मी सकाळी अंगण सारवावं आणि दुपारी त्यावर काळं डबकं...

सासूबाईंनी फर्मान सोडलं. "गळक्या मोटारीत माजी सून बसायची न्हाई. वाटंत बंद पडली तर तिला कुटं उतरवू, रानात?" माझा असा संताप झाला! नववा महिना, आईच्या कुशीत जाऊन पडायची ओढ, आणि या बाई आडव्या आलेल्या... तेव्हा मला असंच वाटलं.

यांनी मनावर घेतलं. तेल काढलं, चेंबर खाली उतरवलं. जुनं पॅकिंग खरवडायला माझं नवंकोरं उलथनं नेलं, ते पुन्हा चुलीकडे आलंच नाही. नव्या पॅकिंगसाठी पुण्याहून आणलेला कॉर्कचा तुकडा चेंबरवर ठेवून कापला, दोन्हीकडून शेलॅक, म्हणजे लाखेचं चिकट रोगण, चोपडलं, बोल्ट आवळले आणि लगेच तेल ओतलं.

"बघा, आता थेंब पडायचा न्हाई," म्हणाले. सासूबाई रांगोळीचा डबा घेऊन आल्या आणि चेंबरच्या बरोबर खाली एक पांढराशुभ्र चौकोन भरून गेल्या. सकाळी तो पांढरा राहिला तरच मी नेऱ्याला जाणार.

सकाळी बघितलं... ठिपक्यांची रांगोळी! तीही काळ्या ठिपक्यांची.

आमचे हे तालमीतले गडी. बोल्ट असे काही आवळले होते की कॉर्क चिरडून बाहेर आला होता. शिवाय शेलॅक सुकायच्या आत तेल ओतलेलं. मी आत जाऊन डोळे पुसले... रडायला तेव्हा फार काही लागत नव्हतं.

सगळं पुन्हा उतरवलं. या वेळी नवीन पॅकिंग, प्रत्येक बोल्टला हलका हात. शेलॅक नीट सुकू दे म्हणून तेल सकाळी ओतायचं यांनी मनाशी ठरवलं. मनाशीच... घरात कुणाला बोलले नाहीत. सासूबाईंनी संध्याकाळी आपला नवा चौकोन भरला.

आणि सकाळी चौकोन तसाच! पांढराशुभ्र, एक डाग नाही. हे तर लहान पोरासारखे नाचायचे बाकी होते. सासूबाईंनी वाकून नीट बघितलं, मान हलवली आणि माझी ओटी भरली. मी पदर सावरत निघाले... आनंदानं पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पायरीशी तेलाचा डबा वाटेत होता. पायानं सरकवायला गेले तर हलेना. टोपण उघडून बघितलं... काठोकाठ भरलेला!

"अहो, हे तेल?" मी विचारलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला, त्या रांगोळीसारखाच. "वतायचंच ऱ्हायलं की..."

"इंजनात तेलच न्हाई, तर गळंल काय, कपाळ?" सासूबाई कडाडल्या. "उतरवा पिशव्या! आज कुनी जायचं न्हाई."

तेलाशिवाय निघालो असतो तर थोड्याच अंतरावर इंजिन जाम झालं असतं. मागेपुढे ना घर ना माणूस, आणि माझी ही अवस्था... मी पायरीवरच बसले. या वेळी रडू आलं ते सुटकेचं.

तेल ओतलं. संध्याकाळी पुन्हा चौकोन. सकाळी तो कोरा करकरीत... या वेळी खराखुरा! संध्याकाळच्या आत मी आईजवळ होते. आठवडा उलटायच्या आत लेक झाली, सुखरूप.

काही महिन्यांनी हे आम्हाला न्यायला आले. परतताना सहज म्हणाले, "तू गेल्यापास्नं आई रोज सांजच्याला गाडीखाली चौकोन काढतीया. सकाळी उटली की आदी त्यो बघती." मी विचारलं, आता कशाला? "म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, अजून माजी सून आन् नात यायची हायेत न्हवं."

मांडीवरच्या लेकीला मी जवळ ओढलं. रस्ताभर मला दुसरं काही सुचलंच नाही.

ती लेक आता आजी झाली आहे. आणि मी आजही अंगणात रांगोळी काढायला बसले की पहिला चौकोन रिकामा ठेवत नाही, पांढऱ्यानं भरते... सासूबाई, तुमच्या नावानं.