नदीवाली कॅसेट

राजूरला खाणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून एक तेलुगू कुटुंब होतं. वडील माझ्या बाबांसारखेच खाणीत कामाला. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिच्या मामानं हैदराबादहून तिला व्हिडिओ गेम आणून दिला होता, पण त्यांचा टीव्ही बिघडून पडलेला. आमचा चालू होता. म्हणून शाळा सुटली की ती मशीन टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे यायची.

मशीनसोबत दोन-तीन कॅसेटी होत्या. रणगाड्यांची, मोटारसायकलची, तशा तर कॉलनीत अजून एक-दोघांकडे होत्या. पण एक राखाडी कॅसेट फक्त तिच्याकडेच होती. वर निळ्या नदीचं चित्र आणि खाली न समजणारी अक्षरं. त्या गेममध्ये गोळ्या मारायच्या नसत. एक बुटका माणूस गावातून फिरायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा, आणि खाली काळ्या चौकटीत अक्षरं उमटायची. मागे एक टिणटिणतं गाणं वाजत राहायचं.

"काय म्हणून राह्यला तो?" मी विचारायची.

ती सांगायची. विहिरीजवळचा म्हातारा म्हणतो, माझी पोरगी नदीपलीकडे गेली ती आलीच नाही, तुला दिसली तर सांग. दुकानवाली म्हणते, मीठ संपलं, उद्या ये. ती अक्षरं तेलुगू आहेत असं तिनं मला सांगितलं होतं. त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवरची अक्षरं वेगळी दिसतात म्हटलं, तर म्हणाली, "टीव्हीत ते ठोकळ्यायचे बनवा लागते, म्हणून तसे दिसते." मला पटलं.

लाईन गेली की गेम पहिल्यापासून सुरू करावा लागे, आणि लाईन रोज जायची. आम्ही पुन्हा त्याच गावात, त्याच म्हाताऱ्यापाशी. पण म्हातारा रोज वेगळं बोलायचा. एकदा त्याचा बैल हरवला होता.

"काल तर पोरगी म्हणे ना," मी म्हटलं.

"काल सापडली ते. आज बैल हरपला."

गावाच्या टोकाला नदी होती आणि तिच्यावर तुटका पूल. तिथून पुढे कधीच जाता आलं नाही. ती म्हणायची, पूल बांधायला माणसं गेली आहेत, येतील. आम्ही पुलाशी तो बुटका माणूस उभा करून ठेवायचो आणि ती पलीकडे काय काय आहे ते सांगत बसायची. तिच्या आजीचं गाव, तिथली चिंच, एक देऊळ, देवळातली माकडं. स्वयंपाकघरातून आई ऐकायची आणि हसायची.

आम्ही सातवीत असताना तिच्या वडिलांनी बदली मागून घेतली, गोदावरीकाठच्या कुठल्याशा खाणीत. ट्रकमध्ये सामान चढलं. मशीन टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर होतं. तिनं हात हलवला की नाही, मला आठवत नाही. मला टॉवेल आठवतो. पत्ता कोणी घेतला नाही. तेव्हा वाटलं नव्हतं की लागेल.

पुढे मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले. पहिल्यांदा आदिलाबादच्या गाडीवर ड्युटी लागली त्या दिवशी पांढरकवडा सोडून नदी ओलांडली, आणि रस्त्याकडेच्या पाट्या गोल गोल तेलुगू अक्षरांच्या झाल्या. जिलेबीसारखी वळणं. मी खिडकीतून बघतच राहिले. टीव्हीवरची अक्षरं अशी नव्हतीच. ती काड्या मोडून ठेवल्यासारखी होती. तिला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. ती सगळं मनानं सांगत होती, रोज, न थकता, माझ्यासाठी. गाडीत तिकिटं फाडायची राहिली होती आणि मला तिला आत्ताच्या आत्ता भेटावंसं वाटत होतं.

त्यानंतर मी कॅसेटी जमवायला लागले. पांढरकवड्याला गाडीला वेळ असे, तिथल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात खोकंभर धूळ खात पडल्या होत्या. मग वणीचे भंगारवाले, यवतमाळचा आठवडी बाजार. शोधत होते नदीवाली, हाती लागत होत्या दुसऱ्याच. पण त्या टाकवेनात. पितळी टोकं खोडरबरानं घासायची, फुंकर मारायची, वरचा चिकट मळ रॉकेलच्या बोळ्यानं काढायचा. एक पारदर्शक निळी मिळाली, आतली हिरवी पट्टी दिसणारी. एक सोनेरी मिळाली, तिच्यासाठी पुण्याच्या एका कॅसेटी जमवणाऱ्या माणसानं तीनदा फोन केला. मी दिली नाही. नवरा वायरमन आहे. तो म्हणायचा, "लोकायच्या बायका साड्या जमवते, तू हे डबडे काहून जमवून राह्यली?" पण भंगारात मिळालेलं जुनं मशीन नव्या टीव्हीला जोडून त्यानंच दिलं.

आदिलाबादच्या गाडीत माझ्या वयाची बाई चढली की मी तिकीट देताना विचारायची, "तुम्ही कधी राजूरले होत्या का?" बहुतेक जणी नाही म्हणून खिडकीकडे बघत.

राळेगावच्या गाडीवर एक म्हातारी बाई नेहमी असायची. शेत राळेगावजवळ, लेक यवतमाळात दिलेली. एकदा मी माझ्या पिशवीतली ताजी मिळालेली कॅसेट पुसत होते, तर तिनं ती हातात घेऊन बघितली.

"असे माह्या पोराचे होते. माळ्यावर असन."

"कुठं असते पोरगा?"

"बंगलोरले. दोन वर्षं झाले आला नाही, फोन करते." कॅसेट मला परत देत म्हणाली, "पाहतो बाप्पा, असन तं आणतो."

पुढच्या खेपेला तिनं शिवलेली कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत चार कॅसेटी. तिसरी राखाडी होती. निळ्या नदीचं चित्र अर्धं सोललेलं. मी ती उलटी-सुलटी केली आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसले.

"काय झालं वं बाई?"

"हेच शोधून राह्यली होती मी, आजी."

"मंग ने. तो काई आता खेळाले येत नाही."

घरी आल्यावर हातपाय धुतले नाहीत, आधी कॅसेट लावली. दोनदा पडदा नुसता करडा झाला, तिसऱ्यांदा गाव आलं. तीच विहीर. तोच म्हातारा. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, चौकटीत अक्षरं आली, आणि पुढे काही नाही. शेजारी कोणी नव्हतं सांगायला.

नवऱ्यानं मोबाईलमधलं भाषांतर चालू करून कॅमेरा टीव्हीवर धरला. "जपानी हाय हे," तो म्हणाला, आणि वाचायला लागला. "ही विहीर आहे. रात्री राक्षस येतात." दुकानवालीपाशी गेले. "तलवार विकत घेणार का?"

"बस झालं. बंद करा ते," मी म्हटलं.

त्यानं मोबाईल खाली ठेवला. मग मी त्याला सांगितलं, पोरगी, बैल, मीठ, सगळं. इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं. मग त्यानं हळूच मोबाईल उचलून पुन्हा वाचायला सुरुवात केली, मनातल्या मनात. गावातल्या पुजाऱ्याशी तीनदा बोललं की पूल दुरुस्त होतो, असं त्याला त्यातून समजलं. तीनदा बोललो. पूल झाला. लहानपणी आम्हा दोघींच्या हाती इतकी सोपी गोष्ट कधी लागली नव्हती.

पलीकडे दुसरं गाव होतं. तिथं चिंच नव्हती, माकडंही नव्हती. एक बाई भेटली, तिनं काहीतरी सांगितलं. नवऱ्यानं वाचायला मोबाईल वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. आम्ही तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. गावाचं एक गाणं मात्र तेच होतं, टिणटिण वाजणारं, पुन्हा पुन्हा तेच कडवं. ते मी मोबाईलमध्ये भरून घेतलं.

आठवड्यानं ती म्हातारी बाई गाडीत चढली. "चालू झालं का ते?"

मी मोबाईलवर गाणं लावलं आणि तिच्या हातात दिला. गाडीच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून तिनं तो पदराखाली कानाला दाबून धरला. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू ओठ हलायला लागले, त्या सुराबरोबर. तिला पाठ होतं.

"आतल्या खोलीतून येत जाय हा आवाज," ती म्हणाली. "मी म्हणो, बंद कर रे, डोकं दुखते."

मागच्या सीटवरून कोणीतरी तिकिटासाठी हाक मारली. मी मोबाईल तिच्याकडेच राहू दिला आणि मागे गेले.