उरलेलं साल

"वाका ना बाई. फोटो आला नाही. पुन्हा एकदा."

फोटोवाला असं म्हणाला तेव्हा मी आबाच्या पाया पडून नुकतीच सरळ होत होते. आबा म्हणजे आमच्या गावच्या पाटलांचा नातू. वयाने माझ्यापेक्षा लहानच. पण अख्खं गाव त्याला आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. आमचं गाव पाचोऱ्याकडचं. मी धुळ्याला एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर भल्याभल्यांना दरडावते. पण गावातल्या स्टेजवर पाटील समोर आला की पाठ आपोआप वाकते. कुणाला सांगावं लागत नाही.

कार्यक्रम स्मारकाचा होता. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. 'दुसऱ्या महायुद्धात या घराण्याने आपला माणूस दिला.' खाली आबाच्या आजोबांचं नाव. तो दिलेला माणूस म्हणजे माझा आजा. त्याचं नाव दगडावर कुठेच नव्हतं. माइकवरून मला बोलावलं तेही असंच. "पाटील घराण्याच्या सालदाराची नात." हातात साडी दिली. मला राग आला नाही. खरं सांगते, काहीच आलं नाही. ज्या हातात साडी होती तो हातसुद्धा माझा वाटत नव्हता.

आजा पाटलांकडे सालदार होता. आमच्याकडे साल आखाजीला लागतं, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पुढच्या आखाजीला सुटतं. वर्षभर माणूस मालकाचा. लढाईसाठी माणसं पाहिजेत म्हणून गोरा साहेब गावोगाव फिरत होता. पाटलांच्या घरात तरणाताठा मुलगा होता. पाटलांनी सालदार पुढे केला. शेजाऱ्याला बैल उसना द्यावा तसा. आजा ब्रह्मदेशात गेला. तिथे त्याच्या खांद्यावर बंदूक होती की कुदळ, ते आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही.

पुढचं आजी सांगायची. पाटलांनी तिला अंगणात बोलावलं. स्वतः ओट्यावर बसून होते. एका दमात दोन गोष्टी बोलले.

"सुपडू मरी गया. साल आखाजीपावत शे, ते तुले पुरं करनं पडी."

सालाच्या मजुरीची ज्वारी आधीच घरी आली होती, खाऊनही झाली होती. म्हणून. आजी दुसऱ्या सकाळी पाटलांच्या गोठ्यात गेली. शेण, वैरण, पाणी, मग शेत. माझा बाप तिथेच गोठ्यात झोळीत. दहावं केलं नाही. मढंच नाही तर दहावं कसलं, असं पाटलीणबाई म्हणाल्या. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, तू रडली नाहीस? ती म्हणाली, "रडू कव्हय? ढोरे उपाशी व्हतात." लढाई कोण जिंकलं, हे तिला फार वर्षांनी कुणीतरी सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी गेले, स्टेजवर चढले, वाकले. दुसऱ्यांदा "वाका" म्हटलं आणि पाठ वाकली नाही. मी काही ठरवलं नव्हतं. नुसती उभी राहिले. फोटोवाला थांबला. आबा तोंडावरचं हसू तसंच ठेवून हळूच म्हणाला, "बाई, बठ्ठा लोक देखी राहिनात. साडी ले आन उतर."

मी साडी खुर्चीवर ठेवली. माइक घेतला. बसमध्ये बोलते तशी बोलले.

"माझ्या आज्याचं नाव सुपडू. या घराण्याने त्याला दिला नाही, पुढे ढकलला. तो मेला, तर त्याचं उरलेलं साल माझ्या आजीकडून पुरं करून घेतलं. दगडावर हे लिहा."

कुणीतरी माइक बंद केला. आमच्या वस्तीतले लोकही माना खाली घालून बसले होते. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "खरं शे." तेही पुटपुटल्यासारखं. मी उतरले आणि पाचोऱ्याची गाडी पकडली.

आता आबाचे फोन येतात. आता मी अक्का झाले. "अक्का, नाव टाकतो ना सुपडूबाबांचं. सालाचं तेवढं सोडा. गावाची लाज आहे." वस्तीतलेही म्हणतात, घे पदरात, नाव येतंय हे काय कमी आहे?

कमीच आहे. नुसतं नाव टाकून ते माझ्या आज्याला वीर करतील, आणि आजीला गोठ्यातच ठेवतील. मग पुढच्या पोरांना वाटेल, पाटलांनी दिला आणि आम्ही आनंदाने दिले गेलो.

सालाची ओळ कोरल्याशिवाय त्या दगडावर सुपडू हे नाव मी येऊ देणार नाही. आबाला तसं सांगितलंय. माझ्या मागे चोरून कोरलं, तर मी छिन्नी घेऊन जाईन आणि माझ्या आज्याचं नाव माझ्या हाताने खरवडून काढीन. भर दिवसा. सगळ्या गावासमोर.