माहेरी न्यायचा एसी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी दारं लावणारा माणूस नाशिकमध्ये दुसरा नसावा. दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या शीतगृहात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. तिथलं त्यांचं काम, त्यांच्याच शब्दांत, "आत असलेल्या थंडीला बाहेर जाऊ न देणं" एवढंच होतं. निवृत्तीनंतर शीतगृह सुटलं, काम सुटलं नाही. त्यांच्या घरी फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवून ठेवावं लागतं. पाण्याची बाटली शोधत मी एकदा दोन क्षण जास्त उभा राहिलो, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "काय रे, सगळं नाशिक गार करायचंय का?" हे वाक्य दूधवाल्याने, केबलवाल्याने आणि दोन्ही जावयांनी ऐकलेलं आहे. द्वारका चौकात वाहतूक तुंबलेली असताना शेजारच्या गाडीची काच अर्धी खाली आणि आत एसी चालू दिसला, तेव्हा काका माझ्या स्कूटरवरून उतरले आणि काचेवर टकटक करून त्या अनोळखी माणसालाही त्यांनी हेच विचारलं. त्याने काच वर घेतली. थंडीसाठी नसावी, पण काकांचं समाधान झालं.

अशा माणसाने कापडी भिंतींच्या घरात एसी बसवायचा घाट घातला, त्याला कारण काकू. त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा त्या चौथीत होत्या. मे महिन्यात पाणी उतरलं की त्यांच्या घराचा दगडी ओटा आणि तीन पायऱ्या उघड्या पडतात; पावसाळ्यात पुन्हा झाकल्या जातात. काकूंना एकदा तिथे जायचं होतं. पण काही वर्षांपूर्वी त्यांना ऊन लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. म्हणजे माहेर दिसतं तेव्हा जाता येत नाही आणि जाता येतं तेव्हा ते दिसत नाही. मी सुचवलं, पहाटे निघू, नऊच्या आत परत येऊ. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवदर्शन आहे का ते? माहेरी राहायला जातात. दोन दिवस तरी."

काकांनी मग दिंडोरीच्या एका ओळखीच्या कारागिराकडून गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन करून घेतली. छत वर उचललं की चारही बाजूंना कापडाच्या भिंती उभ्या राहतात, खाली केलं की पेटीसारखी मिटते. कारागिराचा धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचा. तो म्हणाला, "काका, द्राक्षं गार ठेवायची तर लय सोपं हाय. पण माणूस द्राक्षावानी गप पडून राहत नाय. तो खिडकी उघडतो."

"आमच्याकडे उघडत नाहीत," काका म्हणाले.

पहिला मे महिना एसी ठरवण्यात गेला. छतावरचा एसी बसवला तर छत उचलताना त्याचंही वजन उचलावं लागे. सोसायटीतले आम्ही चौघे लागलो आणि तरी ते एका बाजूला कललं. मग बाकाखाली बसणारा एसी ठरला. काकांनी भिंतींना आतून चकचकीत अस्तर लावलं, प्लास्टिकच्या खिडक्यांच्या चेनच्या फटींवर पट्ट्या शिवल्या आणि अगरबत्ती फिरवून गळती शोधली. गळती संपली तोवर धरण भरलं होतं.

दुसरा मे जनरेटरने घेतला. एसी सुरू होताना कॉम्प्रेसर एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून लहान जनरेटर घुसमटून बंद पडे. मोठा चाले, पण त्याच्या आवाजाने सेक्रेटरी खाली येत. काकांची अट वेगळीच होती. जनरेटर चालू असताना काकू आत बोलतील ते बाहेर त्यांना ऐकू आलं पाहिजे. ते पार्किंगमध्ये जनरेटर पावलापावलाने लांब नेत, कॅरॅव्हॅनपाशी परत येत आणि ओरडून विचारत, "आता काय म्हणालीस?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, घरात पंख्याचासुद्धा आवाज नसतो, तेव्हा ऐकलंत का कधी?"

"हे ऐकू आलं," काका म्हणाले आणि जनरेटर होता तिथे खडूने खूण केली. पण एवढ्या अंतराला जाड वायर हवी होती. ती येईपर्यंत जुलै उजाडला. त्या वर्षी काकूंनी किती पाणी चढलं ते विचारलं नाही. "हिने यंदा विचारलंच नाही," असं काकांनी दोनतीनदा मला सांगितलं.

यंदा गेलो. गाडी मी चालवली. धरणाच्या तळाच्या भेगाळलेल्या चिखलावर ओट्यासमोर कॅरॅव्हॅन उभी केली. धूर आत येऊ नये म्हणून जनरेटर वारा जातो त्या बाजूला, खडूच्या खुणेइतक्या अंतरावर. दुपारी एकला बाहेर उभं राहवत नव्हतं आणि आत, खरोखर, गारवा होता. काका तापमापीकडे बघत होते. काकू बसून होत्या. मग त्यांनी हात लांब करून ओट्याच्या बाजूच्या खिडकीची चेन ओढली. पट्टी, प्लास्टिक, सगळं बाजूला झालं आणि गरम वारा तोंडावर आला.

"प्लास्टिकमधून धुरकट दिसतं हो," त्या म्हणाल्या. "ती मधली पायरी. आईची ओरडायची जागा. तिथून हाक मारायची."

काका उठले. ते कोणतं वाक्य बोलणार हे मला माहीत होतं. ते खिडकीशी गेले, लोंबणारं कापड व्यवस्थित गुंडाळलं आणि वर बंदाने बांधून टाकलं. "आता दिसतंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

दोन दिवस ती खिडकी उघडी होती. तेवढ्या बाजूने एसी सगळं धरण गार करत होता. काका दर काही तासांनी उन्हात चालत जात, जनरेटर बंद करत, निवेपर्यंत थांबत आणि पेट्रोल भरून परत येत. काकू हळू आवाजात सांगत होत्या, गोठा कुठे, चिंच कुठे. दुरून, बंद जनरेटरपाशी उभे असलेले काका मान हलवत. त्यांना ऐकू येत होतं.

आता धरण भरलं आहे. कॅरॅव्हॅन पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे, येताना मिटलेलं छत पुन्हा वर उचललेलं. ताडपत्री एका कोपऱ्यात वाऱ्याने उचलली जाते तेव्हा ती खिडकी दिसते, कापड अजून वर गुंडाळलेलं. काका जाता-येता तिथे थांबतात, गुंडाळीचा बंद घट्ट आहे ना ते पाहतात आणि जिना चढून जातात.