मुरलीधरकाकांचं पोट अधांतरी

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत क्रेनने अवजड सामान चढवायचं काम मुरलीधरकाकांच्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचं. बोट गरगर फिरवलं की टाकी वर, मूठ वळली की जागच्या जागी. सवय घरीही तीच. जेवताना बोट फिरलं की उर्मिलाकाकूंनी वाढायचं. मूठ वळलेली मात्र मी कधी पाहिली नाही. त्यातूनच ते पोट उभं राहिलं.

नव्याण्णव साली काकांना मूतखडा झाला. अबू धाबीचे डॉक्टर म्हणाले, पाठीत बारीक भोक पाडून काढू, पण तेवढा वेळ पालथं झोपावं लागेल. दम लागला तर बेत रद्द, मग कुशीवर वीतभर चिरा. काकांनी त्या चिऱ्याची धास्तीच घेतली.

घरी सराव सुरू झाला. मी शेजारी, शिवाय दर शुक्रवारी त्यांच्याकडे फुकट जेवणारा, त्यामुळे लोड लावणं माझ्या गळ्यात पडलं. एक छातीखाली, एक कमरेखाली, मधे पोट मोकळं. पाहुणे आले तरी काका कॉटवर पालथेच. मंडळी सतरंजीवर बसून, माना वाकड्या करून गप्पा मारायची.

"डॅडी, यू लुक लाइक अ सील," लेक अस्मी म्हणाली.

"हसवू नकोस गं, दम लागतो."

"भजी खाताना बरा लागत नाही," काकू म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी कमरेखाली बधिर करून काकांना पालथं केलं. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टर सुरैय्यांनी बजावलं, "अंकल, साँस अटके तो हाथ हिलाना." काकांचं बोट लगेच वर गेलं आणि गरगर फिरू लागलं.

"खलास, सीधा करो इनको," सुरैय्या म्हणाल्या.

काकांनी घाईघाईने मूठ वळली. सुरैय्या खाली वाकल्या. "अंकल, हुआ क्या?"

"सीधा मत करो. पेट टेबल पे टेक गया, इसलिए दम भारी है. छाती का तकिया थोडा ऊपर लो. आस्ते."

उशी वर गेली, पोट सुटलं, श्वास मोकळा झाला. काकांनी पुन्हा मूठ वळली.

"अब हाथ नीचे," सुरैय्या म्हणाल्या, "नहीं तो ये लोग आपको छत तक ले जाएंगे."

मग काका तिथेच घोरायला लागले म्हणे.

खडा निघाला, चिरा टळला. पुढल्या शुक्रवारी येईल त्याला काका सदरा वर करून पाठीवरची इवलीशी पट्टी दाखवत होते. मग पंगत बसली. आम्रखंड संपवून त्यांनी बोट वर केलं, गरगर फिरवलं.

काकू पातेलं घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे मूठ वळली.